प्रोस्टेटची गाठ किती घाईत आहे, हे एमआरआयला कसे कळते

गेल्या श्रावणात केलेल्या रक्ततपासणीत माझा पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारे एक प्रथिन, रक्तात ते वाढले की शंका येते) ७.२ आला आणि घरात दादाचे नाव पुन्हा निघाले. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. २०११ मध्ये त्याचा पीएसए ९ च्या आसपास होता. तेव्हा एका रुग्णालयात सोनोग्राफीच्या आधाराने, गुदद्वारामार्गे सुई घालून त्याच्या प्रोस्टेटचे बारा तुकडे काढले गेले, तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, चार दिवस सलाइनवर गेले, आणि शेवटी हाती आलेल्या रिपोर्टात 'कर्करोग आढळला नाही' एवढे एक वाक्य होते. त्या वाक्याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी 'कर्करोग नाही' असा घेतला. तो तसा घ्यायचा नसतो, हे आम्हांला तिथे कोणी सांगितले नाही. दोन वर्षांनी पीएसए १९ वर गेला तेव्हा गाठ ग्रंथीच्या अगदी पुढच्या भागात निघाली, जिथे मागून शिरणारी सुई सहसा पोहोचत नाही, आणि तिची ग्लिसन बेरीज, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, ४ + ४ = ८ होती. दादा २०१९ मध्ये गेला.

सख्ख्या भावाला हा रोग झालेला असला की आपला धोका साधारण दुप्पट धरतात, त्यामुळे ७.२ हा आकडा माझ्या बाबतीत कोणीच हसण्यावारी नेला नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी यूरोलॉजिस्टकडे पाठवले, आणि नातेवाइकांनी, बडोद्याच्या रीतीप्रमाणे, 'एकदा नडियादला दाखवा' असा सल्ला दिला. नडियादचे मूत्ररोगांचे रुग्णालय १९७८ पासूनचे आहे आणि आमच्याकडे लघवीची कोणतीही तक्रार निघाली की ते नाव निघतेच. मी मात्र यूरोलॉजिस्टना पहिला प्रश्न विचारला तो सुईचा होता. ते म्हणाले, सुईचा विचार नंतर करू, आधी एमआरआय.

हा क्रम गेल्या काही वर्षांत बदलला आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या 'प्रॉमिस' या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय केला, मग नेहमीची सोनोग्राफीवरची बायोप्सी केली, आणि खरे काय आहे ते ठरवण्यासाठी दर ५ मिलिमीटरवर सुई घालून संपूर्ण ग्रंथी चाळली. ज्याची दखल घेतलीच पाहिजे असा कर्करोग एमआरआयने ९३ टक्के वेळा हेरला, तर नेहमीच्या बायोप्सीने फक्त ४८ टक्के वेळा. हा ४८ चा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ दुसरे काही वाचले नाही. दादाच्या वेळी नाणे उडवले असते तरी फारसा फरक पडला नसता, असाच त्याचा अर्थ होतो. अर्थात त्या काळी आमच्याकडे प्रोस्टेटचा एमआरआय बायोप्सीच्या आधी करण्याची पद्धत नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टीबद्दल.

प्रोस्टेटच्या बाबतीत 'गाठ आहे का' या प्रश्नापेक्षा 'असलेली गाठ किती घाईत आहे' हा प्रश्न मोठा आहे, आणि या लेखात मला त्याविषयीच लिहायचे आहे. म्हातारपणी असंख्य पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी असतात आणि ते पुरुष दुसऱ्याच कशाने तरी जातात. ब्रिटनमध्येच 'प्रोटेक्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यात पीएसएवरून सापडलेल्या, ग्रंथीच्या आतच असलेल्या कर्करोगाच्या १६४३ रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार दिले आणि काहींवर नुसती देखरेख ठेवली. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा तिन्ही गटांत मिळून सुमारे ९७ टक्के माणसे या रोगाने मेलेली नव्हती. उरलेले तीन टक्के कोण असतील हे आधी ओळखता येणे, ही या सगळ्या तपासण्यांची खरी कसोटी आहे.

ती ओळख पटवण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही शेवटचा शब्द असलेली पद्धत डोनाल्ड ग्लिसन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडली. ग्लिसनने पेशीचे केंद्रक कसे दिसते याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले आणि कमी शक्तीच्या भिंगाखाली पेशींची मांडणी कशी आहे एवढेच पाहिले. निरोगी प्रोस्टेटमध्ये पेशी छोट्या नळ्यांच्या कडेने नीट बसलेल्या असतात आणि नळीच्या मधल्या पोकळीत द्रव असतो. ३ क्रमांकाच्या नमुन्यात नळ्या आकाराने वेड्यावाकड्या असल्या तरी एकमेकींपासून वेगळ्या असतात. ४ मध्ये त्या एकमेकींत मिसळतात किंवा चाळणीसारख्या दिसतात. ५ मध्ये नळी उरतच नाही, पेशींचे नुसते थर किंवा विखुरलेल्या रांगा राहतात. सर्वांत जास्त आढळलेल्या दोन नमुन्यांची बेरीज म्हणजे ग्लिसन स्कोअर. आज व्यवहारात ही बेरीज ६ पासून सुरू होते. दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास अशी सवय लागलेल्या आमच्या पिढीला हे समजायला वेळ लागतो, कारण इथे सहा हा सर्वांत सौम्य आकडा आहे आणि सहाची गाठ शरीरात इतरत्र पसरल्याचे जवळजवळ दिसत नाही. हा गोंधळ टाळण्यासाठी २०१४ मध्ये १ ते ५ असे सरळ गट केले गेले; ३ + ४ = ७ हा दुसरा गट आणि ४ + ३ = ७ हा तिसरा. बेरीज एकच असली तरी दोघांच्या भवितव्यात बराच फरक असतो.

नोकरीची एकतीस वर्षे मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून एमआरआयचा जो भाग इथे कामाला येतो त्याचे मला विशेष कौतुक वाटले. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकत असतात. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात सुमारे २० ते ३० मायक्रोमीटर सरकतो, आणि पेशीची रुंदी साधारण त्याच घरातली असते. म्हणजे एवढ्या वेळात रेणूला वाटेत पेशीची भिंत लागणार की नाही, हे तिथली दाटी किती आहे यावर ठरते. पहाटेच्या कमाटी बागेत फिरायला निघालेला माणूस पाच मिनिटांत कुठल्या कुठे जातो, आणि तोच माणूस धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मांडवीत पाच मिनिटांनी जिथे होता तिथेच असतो. पाण्याच्या रेणूचेही तसेच आहे. द्रवाने भरलेल्या नळ्यांच्या निरोगी ग्रंथीत तो भरपूर भटकतो, आणि नळ्या बुजून पेशी दाटल्या की अडकतो.

ही भटकंती चुंबकाने मोजण्याची युक्ती स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये दिली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर दनी ल बिआँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती माणसाच्या शरीराच्या चित्रणात आणली. चुंबकक्षेत्राला थोडा वेळ उतार देऊन (एका टोकाला जोर जास्त, दुसऱ्या टोकाला कमी) रेणूंवर त्यांच्या जागेची खूण उमटवायची, थोडे थांबायचे, आणि उलटा उतार देऊन ती खूण पुसायची. जो रेणू जागेवर राहिला त्याची खूण पूर्ण पुसली जाते आणि त्याचा संदेश जोरकस येतो. जो दूर गेला त्याचा हिशेब जुळत नाही आणि त्याचा संदेश मंदावतो. उताराची ताकद कमीजास्त करून दोनतीन चित्रे घेतली की प्रत्येक बिंदूसाठी एक आकडा काढता येतो. त्याला एडीसी म्हणतात, मराठीत विसरणाचा भासमान गुणांक म्हणता येईल; विसरण म्हणजे रेणूंची ही भटकंतीच. मोकळ्या पाण्याचा आकडा ३००० च्या जवळ असतो. ग्रंथीच्या कडेच्या निरोगी भागात तो साधारण १५०० च्या वर असतो, आणि ७५० ते ९०० च्या खाली घसरला की डॉक्टर सावध होतात. (एकक आहे मिलिमीटर वर्ग दर सेकंद, आणि या आकड्यांना दहा लाखांनी भागायचे असते, रिपोर्टात हे बहुधा लिहिलेलेच नसते.)

ग्लिसनने भिंगाखाली नळ्यांची मांडणी मोडलेली पाहिली, आणि हे यंत्र त्याच मोडलेल्या मांडणीत अडकलेले पाणी मोजते. दोघांची साक्ष एकाच गोष्टीबद्दल आहे, म्हणूनच ग्लिसनचा आकडा चढत जातो तसा सरासरीने एडीसी उतरत जातो. एकही टोचा न मारता गाठीच्या स्वभावाचा अंदाज येतो तो याच आधारावर. अंदाज हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण सरासरी उतरत असली तरी गटांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या आहेत: ३ + ३ च्या आणि ३ + ४ च्या दोन गाठींचा एडीसी एकच असू शकतो.

अलकापुरीतल्या ज्या केंद्रावर मी गेलो तिथे ३ टेस्लाचे यंत्र होते. आदल्या दिवशी मूत्रपिंडे नीट चालतात का ते पाहायला रक्तातले क्रिएटिनिन तपासले, कारण शिरेतून गॅडोलिनियमचे, चित्रात चमक आणणारे औषध द्यायचे होते. सकाळी पोट साफ करून यायला सांगितले होते, आणि त्याचे कारण मला तिथल्या मुलाने नीट समजावले: प्रोस्टेट गुदाशयाला चिकटून असते, आणि आत वायू साठला की नेमके विसरणाचे चित्र वेडेवाकडे होते. त्याने अंगावरच्या धातूची चौकशी केली, तेव्हा मी घड्याळ, चष्मा, अंगठी सगळे काढून ठेवले. तरी दारावरचे यंत्र कुरकुरले. जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली मी चाळीस वर्षांत विसरूनच गेलो होतो. ती सोडवायला आम्हां दोघांना पाच मिनिटे लागली, आणि तो मुलगा हसू दाबत 'काका, आवुं तो पहेली वार जोयुं' (असे तर पहिल्यांदाच पाहिले) म्हणाला.

आत सुमारे पस्तीस मिनिटे गेली. कानात बोळे, वरून हेडफोन, आणि उजव्या हातात रबरी फुगा, जो दाबला की बाहेर घंटा वाजते. पहिली चित्रे टी-टूची. त्यांत ग्रंथीची रचना दिसते आणि आवाज बेताचा असतो. विसरणाचा टप्पा आला की ओळखू येतोच, कारण तेव्हा उतार फार जोरात आणि भराभर उघडमीट होतो आणि पाठीखालचे फळकूट थरथरू लागते. शेवटी हातातल्या सुईतून थंडगार काहीतरी दंडाकडे चढत गेल्याचे जाणवले, ते गॅडोलिनियम. गाठीत नव्या, गळक्या रक्तवाहिन्या असतील तर तिथे ते आजूबाजूच्या आधी पोहोचते आणि चमकते. या तिसऱ्या टप्प्याची गरज खरोखर किती, याबद्दल वाद होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्राइम' अभ्यासात, चित्रांचा दर्जा चांगला असेल तर औषधाविनाचा एमआरआय दखलपात्र कर्करोग शोधण्यात मागे पडत नाही असे दिसले. औषध गेले की वेळही वाचतो आणि पैसेही, म्हणून आमच्यासारख्या गावांत याचा उपयोग मोठा आहे.

रिपोर्टात लिहिले होते: ग्रंथीचे आकारमान ४६ घनसेंटिमीटर, डाव्या बाजूला मागच्या कडेच्या भागात ११ मिलिमीटरची एक जागा, तिथला एडीसी ७८०, समोरासमोरच्या उजव्या निरोगी जागेचा १६००, पाय-रॅड्स ४. पाय-रॅड्स ही १ ते ५ अशी शंकेची पायरी आहे; पहिली आवृत्ती २०१२ ची, आणि सध्या चालते ती २०१९ मधली २.१. ग्रंथीच्या कडेच्या भागात निर्णय प्रामुख्याने विसरणाच्या चित्रावर ठरतो आणि मधल्या भागात टी-टूच्या चित्रावर, कारण वयानुसार प्रोस्टेट वाढते ते मधल्या भागात आणि तिथल्या साध्या गाठीही विसरणात काळ्या दिसून फसवतात. १५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी संशयित जागा असती तर मला ५ मिळाले असते. पीएसएला आकारमानाने भागले तर ०.१५७ येते, हा भागाकार ०.१५ च्या वर गेला की संशय आणखी बळावतो. माझा जेमतेम वर होता.

चार म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता बरीच, पण खात्री नाही. जुनाट सूज, क्षयाची बाधा, बायोप्सीनंतर साकळलेले रक्त, हे सगळे एमआरआयवर कर्करोगाचे सोंग आणू शकतात. 'प्रॉमिस'मध्ये एमआरआयची हेरगिरी ९३ टक्के असली तरी निर्दोष माणसाला निर्दोष ठरवण्यात तो ४१ टक्क्यांवरच अडला होता. म्हणून सुई टळली नाही, पण ती आंधळी राहिली नाही. एमआरआयचे चित्र सोनोग्राफीच्या पडद्यावर बसवून, गुदद्वाराऐवजी त्याच्या पुढच्या त्वचेतून, त्या ११ मिलिमीटरच्या जागेतून चार आणि बाकी ग्रंथीतून ठरावीक तुकडे घेतले. या मार्गाने जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो, आणि दादाचा ताप आठवून मी तेवढे आधीच विचारून घेतले होते. नेम धरून घेतलेल्या बायोप्सीचा फायदा २०१८ मधल्या 'प्रिसिजन' अभ्यासाने दाखवला होता: ५०० पुरुषांत एमआरआयच्या वाटेने गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांत दखलपात्र कर्करोग सापडला, जुन्या वाटेने गेलेल्यांपैकी २६ टक्क्यांत, आणि ज्याचा शोध लागून नुसती काळजीच वाढते असा सौम्य कर्करोग ९ टक्क्यांत, जुन्या वाटेने २२ टक्क्यांत. दुसरी तुलना मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

माझा निकाल ३ + ४ = ७, त्यात ४ चा वाटा दहा टक्के. यूरोलॉजिस्ट म्हणाले, "काका, कॅन्सर तो छे, पण आळसु छे." घरी येऊन मी हे सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, आळशी माणूस कधी उठेल त्याचा नेम नसतो, हे मी चाळीस वर्षे बघते आहे." त्यांचा आक्षेप विनोदी असला तरी वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता. लगेच शस्त्रक्रिया करण्याऐवजी देखरेखीचा मार्ग आम्ही पत्करला तो याच अटीवर, की उठलाच तर लगेच कळले पाहिजे: दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने पुन्हा एमआरआय, आणि त्यात काही हलले तर पुन्हा तुकडा. चिरंजीव पुण्याहून फोनवर 'काढूनच टाका ना बाबा' म्हणत राहिले. लघवीवरचा ताबा आणि इतर गोष्टी यांवर शस्त्रक्रियेचा काय परिणाम होऊ शकतो, ते त्यांना समजावून सांगण्याचे काम मी डॉक्टरांवर सोपवले.

आळस नेमका किती, हे आणखी बारकाईने मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. निरोगी प्रोस्टेटच्या पेशी जस्त साठवतात, त्यामुळे सायट्रेट जळत नाही आणि ग्रंथीत साचून राहते. कर्करोगी पेशी जस्त गमावतात, सायट्रेट संपवतात, आणि पेशींचे पापुद्रे बनवण्याच्या घाईत कोलीन वाढते. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआयच्याच यंत्राने रसायनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत, कोलीन आणि सायट्रेट यांचे गुणोत्तर मोजता येते. पाय-रॅड्सच्या पहिल्या आवृत्तीत तिला जागाही होती. वेळखाऊ आणि नाजूक म्हणून दुसरीत ती गेली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 'व्हर्डिक्ट' नावाची पद्धत घडली. तिच्यात भटकणाऱ्या पाण्याचे पेशीतले, पेशीबाहेरचे आणि रक्तवाहिन्यांतले असे तीन हिस्से वेगळे केले जातात, म्हणजे दाटी नेमकी कुठली हे कळते, आणि एडीसी जिथे गोंधळतो त्या ३ + ३ आणि ३ + ४ च्या सीमेवर तिचा उपयोग होईल अशी आशा आहे. सर्वांत अद्भुत प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथे पायरुव्हेट या साध्या रेणूतल्या कार्बन-१३ चा चुंबकी संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढवून ते शिरेतून देतात, आणि ते लॅक्टेटमध्ये किती वेगाने बदलते हे थेट पाहतात, कारण आक्रमक गाठ हा बदल भराभर करते. माणसावरचा पहिला अभ्यास २०१३ मध्ये ३१ रुग्णांवर प्रसिद्ध झाला. वाढवलेला संदेश मिनिटभरातच ओसरू लागतो, म्हणून औषध यंत्राशेजारीच तयार करून धावतपळत द्यावे लागते. बडोद्यात हे येईपर्यंत मी असेन असे वाटत नाही, आणि त्याची मला सध्या गरजही नाही.

माझी अडचण साधी आहे. एडीसीचा आकडा यंत्रागणिक आणि उतारांच्या निवडीगणिक बदलतो, म्हणून पुढचा एमआरआय त्याच यंत्रावर करावा, असे ठरले होते. गेल्या आठवड्यात केंद्रावर वेळ घ्यायला गेलो, तेव्हा कळले की दिवाळीनंतर जुने यंत्र काढून नवे बसवणार आहेत. यूरोलॉजिस्टना विचारले, तर म्हणाले, नुसता आकडा पाहू नका; गाठीच्या एडीसीला तुमच्याच निरोगी भागाच्या एडीसीने भागा, म्हणजे यंत्र बदलल्याचा फरक बराचसा कटतो. ७८० ला १६०० ने भागले की ०.४९ येते. फिल्मच्या पाकिटावर तेवढे मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि शेजारी दुसऱ्या आकड्यासाठी जागा सोडली आहे.